टाकीच्या तोंडाशी बसणारी

माझी मुलगी हंगामापुरती एका छोट्या वायनरीत कामाला लागली, तेव्हा मी फोनवर एवढंच विचारलं होतं, "तिथे धोका कसला नाही ना?" ती म्हणाली, "आई, द्राक्षं आहेत, वाघ नाहीत." आठवड्याभराने बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं की ती टाकीत शिरते. मी बॅग भरली.

"पाहुणी म्हणून ये," तिने बजावलं. "तपासणीला येऊ नकोस."

त्या डोंगरावरच्या वायनऱ्या म्हणजे घरंच. पुढच्या खोलीत पलंग आणि मुलांची दप्तरं, मागच्या खोलीत छताला टेकणाऱ्या टाक्या. एका घरात वाइनच्या नळीवर मोजे वाळत घातलेले दिसले. मला सगळंच बघायचं होतं, पण पहिल्याच सकाळी माझं लक्ष एका बाईवर गेलं आणि चार दिवस तिथून हललं नाही.

साठी उलटलेली, ठेंगणी, आवाज खणखणीत. सगळे तिला रेडिओकाकू म्हणतात. हंगामात ती घरोघरी जाते. काम एकच: टाकीला खाली माणूस शिरेल एवढं तोंड असतं, तिथे स्टुलावर बसायचं आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं.

लाल वाइन आंबून झाली की ती काढून घेतात आणि टाकीच्या तळाशी सालींचा चोथा उरतो, कमरेइतका. तो फावड्याने बाहेर ओढायला माणसाला आत जावं लागतं. आंबताना सुटणारा वायू हवेपेक्षा जड असतो, दिसत नाही, चोथ्यावर बसून राहतो. त्यासाठी आधी पंखा लावतात, कमरेला दोर बांधतात, पट्ट्याला गॅस मोजायचं यंत्र अडकवतात. एवढं करूनही तोंडाशी बोलणारं माणूस लागतंच, असा तिथला नियम.

"यंत्र हवेचं सांगतं," काकू म्हणाली. "माणसाचं कोण सांगणार? माणूस पडायच्या आधी त्याचं बोलणं घसरतं. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

हे ती सासऱ्यांकडून शिकली. नवी सून होती. सासरे टाकीत शिरले आणि हिला म्हणाले, बोलत राहा. सासऱ्यांशी बोलायचं काय? तिने विचारलं, "किती टोपल्या झाल्या?" आतून उत्तर आलं, "मंगळवार." तिने दोर ओढला आणि अख्खी आळी गोळा केली. सासरे वाचले. पुढे मरेपर्यंत तक्रार करायचे की सुनेने सुखाची झोप मोडली. पण त्या दिवसापासून प्रत्येक घराला ही सून हवी झाली.

"मग विचारता काय तुम्ही सगळ्यांना?" मी विचारलं.

"भांडण काढते. 'बरं आहे ना' म्हटलं की मरतानासुद्धा माणूस सवयीने हो म्हणतो. भांडायला मात्र डोकं ठिकाणावर लागतं." आणि टाकीकडे वळून, "काय गं कॉलेजबाई, आईने स्वयंपाकाचं काही शिकवलं नाही, आणि आली फावडं मारायला?"

आतून माझी लेक ओरडली, "तुम्हाला तरी कुठे येतो? मालकीण सांगत होती, तुमची खिचडी भिंतीला लावतात!"

"तेच तर म्हणते मी," काकू म्हणाली.

मी हसले. उत्तर जरा अधांतरी होतं, पण हसले.

दुपारी मी तिच्याबरोबर दुसऱ्या घरी गेले. तिथे दोन भाऊ. बाटलीच्या लेबलाचा रंग कोणता असावा यावरून त्यांचा अबोला झाला, त्याला सहा वर्षं झाली. वाइन मात्र एकत्र करतात. मोठा टाकीत, धाकटा बाहेर, मध्ये काकू.

"काकू, त्याला सांगा पंखा डावीकडे वळव," मोठा आतून म्हणाला.

काकू धाकट्याला म्हणाली, "तुझा भाऊ म्हणतो, आंघोळ करत जा."

धाकटा खो खो हसला. भावाचं त्याने स्वतःच ऐकलं होतं, त्याप्रमाणे पंखा वळवला. आतून मोठाही हसल्याचं ऐकू आलं. "ही असलीच आहे," धाकटा मला म्हणाला. "सांगावं एक, तर ही पोचवणार भलतंच."

माझं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं. सकाळचं ते "तेच तर म्हणते मी" आठवलं. मी हळूच तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काकू, तुमच्या खांद्यावर मुंगळा आहे."

ती ढिम्म. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. काही नाही. मी समोर आले तशी ती म्हणाली, "काय हो, अशा गप्प का?"

तेव्हा मी तिचा उजवा हात पाहिला. तो सकाळीही तसाच होता: टाकीच्या पत्र्यावर सपाट टेकलेला. मी बाजूला जाऊन माझा तळहात पत्र्यावर ठेवला. फावड्याचा प्रत्येक ओढा हातात येत होता, खर्र, मग विराम, मग खर्र. हा ठेका बिघडला की तिला कळणार होतं. बोलणं तिचं चालूच होतं, पण ऐकायचं काम हात करत होता.

आता मी काय करावं? त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मुलीला सांगावं तर या बाईचं चाळीस वर्षांचं नाव एका दिवसात जाणार. न सांगावं तर माझी मुलगी आत. शेवटी मी घाबरट माणसाचा मध्यम मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी पाहुणी म्हणून दिवसभर काकूच्या शेजारी बसले आणि आतला शब्द न् शब्द स्वतः ऐकला.

बसल्या बसल्या एक कोडं मात्र पडलं. डोंगराच्या माथ्यावर एक जुनं घर आहे, तिथली वाइन सगळ्यात चांगली, असं जो तो सांगे. पण काकू तिथे जात नाही. का, म्हणून विचारलं तर पहिल्यांदा म्हणाली, "त्यांनी माझ्या चपलांना नावं ठेवली." जेवताना म्हणाली, "त्यांचा कुत्रा अंगावर येतो." संध्याकाळी कारण आणखी बदललं. चहा पातळ.

"काकू, तीन कारणं झाली."

"मग, त्या घरात दोष कमी आहेत का!"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची सून गाडी घेऊन दारात हजर. तिची सासू तोंडाशी बसायची, तिचा पाय मुरगळला होता. नवरा द्राक्षं आणायला गेलेला. दोन टाक्यांतला चोथा आज निघाला नाही तर आंबट होऊन जाणार होता. "आत उतरायला एक माणूस द्या आणि तोंडाशी बसायला काकू," ती म्हणाली. मालकिणीने माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. काकूचा चेहरा उतरला. "मी नाही येत, तो कुत्रा..."

"कुत्रा मेला दोन वर्षांपूर्वी," सून म्हणाली. "चला आता, पाया पडते."

मी न विचारताच गाडीत चढले.

वर पोचल्यावर कोडं सुटलं. तिथे पत्र्याच्या टाक्या नव्हत्याच. जमिनीत बांधलेले सिमेंटचे खोल खड्डे, तोंड हौदाच्या झाकणाएवढं, आत लोखंडी शिडी. सुनेने पंखा चालवला, यंत्र दोरीने खाली सोडून आकडा पाहिला, माझ्या मुलीच्या कमरेला दोर बांधला. तिने शिडीवर पाय ठेवला. काकू तोंडाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने तळहात फरशीवर टेकवला. मग जरा सरकून दुसरीकडे टेकवला. मग खड्ड्याच्या काठावर. हातभर जाडीचं सिमेंट. त्यातून काय येणार?

माझं तोंड उघडलं होतं. मी बोललेच असते, असं मला अजून वाटतं. पण त्याआधी काकू म्हणाली, "थांब. वर ये."

"का?" मुलगी म्हणाली.

"वर ये म्हणते ना!" आणि सुनेकडे बघून, "मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. समोर तोंड दिसलं तर कळतं. खाली उतरलेल्याचं तोंड दिसत नाही."

सुनेने दोर घट्ट धरला. "आणि खालच्या घरांत बसता ते?"

"पत्र्यावर हात ठेवते."

"हात?" सुनेचा आवाज चढला. "माणसं तुमच्या भरवशावर आत जातात, आणि तुम्ही हात ठेवता? कानाचं यंत्र का नाही लावलंत?"

"यंत्र लावलं की सगळ्यांना दिसलं असतं. मग मला कोणी बोलावलं असतं?"

सुनेचा राग काही उतरला नाही, आणि तो खराच होता. मुलगी शिडीच्या पहिल्या पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं की मला हे आधीच ठाऊक होतं. तिची ती नजर मला सुनेच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागली.

पण चोथा काही कोणाच्या रागासाठी थांबत नाही. दोर धरायला सून हवी होती. तोंडाशी कोण?

"ही बसेल," काकूने मला पुढे ढकललं. "हिचे कान तिखट आहेत. काल दिवसभर माझ्या मांडीला मांडी लावून ऐकत होती." म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

मुलगी उतरली. फावडं सुरू झालं. मी वाकून विचारलं, "बाळ, बरं वाटतंय ना?"

"हो."

"चक्कर नाही ना येत?"

"नाही."

काकू माझ्या ओठांकडे बघत होती. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "असलं नको! भांडा!"

भांडायचं काय? पण आई होऊन तेवीस वर्षं झाली की विषय शोधावे लागत नाहीत. मी म्हटलं, "हंगाम संपला की परीक्षेचा फॉर्म भरणार होतीस, भरलास?"

फावडं थांबलं. मी सुनेच्या हातातल्या दोराकडे हात नेला. मग खालून आवाज आला, अगदी स्वच्छ, "नाही भरला. आणि भरणारही नाही. मालकीण वर्षभर ठेवून घेते म्हणाली, मी हो म्हणून टाकलं."

"कधी?"

"तू यायच्या आधी!"

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"तू घरी पोचल्यावर फोनवर! म्हणजे परत यायला तुला पुन्हा बॅग भरावी लागली असती!"

सून दोर धरून हसू दाबत होती. काकू माझ्या चेहऱ्यावरून अंदाज घेत होती आणि खूश होती. आम्ही दोन खड्डेभर भांडलो. मी इतकी चिडले होते की घाबरायचं राहूनच गेलं, तरी तिचा एकही शब्द घसरतो का, इकडे कान लावून होते. एकही घसरला नाही. वर आली तेव्हा कोपरापर्यंत जांभळी झाली होती. म्हणाली, "तू लपवलंस ते मी विसरले नाही." मी म्हटलं, "मीही नाही."

 खाली आल्यावर काकूने माझं मनगट धरलं. "मालकिणीकडे चल माझ्याबरोबर. तिने पाठ फिरवली तर मला कळायचं नाही."

मालकीण नळी धूत होती. काकूने एका दमात सांगून टाकलं.

"परवा मी स्वतः आत होते, काकू," मालकीण म्हणाली.

"हो. हात होता माझा."

मालकिणीने नळी खाली टाकली आणि खरंच पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून ती बरंच बोलली.

"काय म्हणाली?" काकूने मला विचारलं.

मी ते गोड करून सांगणार होते. पण ती माझ्या ओठांकडे डोळे लावून उभी होती. मी सगळं सांगितलं. "म्हणाल्या, तुम्ही नालायक आहात, आमच्या जिवाशी खेळलात. यापुढे तोंडाशी एकटीने बसायचं नाही. त्यांची जाऊ बसेल. पण ती हो आणि नाही यापलीकडे बोलत नाही, तेव्हा तिला भांडायला तुम्हीच शिकवायचं. उद्या साडेसातला या."

"नालायक म्हणाली?"

"दोनदा."

काकूने मान हलवली. ती मालकिणीच्या पाठीकडे वळली. मग मोठ्याने, तिलाच ऐकू जावं म्हणून म्हणाली, "साडेसातला तर पंखा सुरू होतो. जावेला सातला पाठव. एवढ्या गरीब बाईला भांडण शिकवायचं म्हणजे अर्धा तास तरी लागणार."