साखरशेतची धामण

जनावर समोर आणलं की ते आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. लंगडी गाय असो, पोट फुगलेली शेळी असो, नाहीतर शिंगात तार गुंतलेला बैल. हे आपले हात मागे बांधून त्याच्याभोवती सावकाश फिरणार, जणू पीकपाहणीला आलेत. जनावराचा मालक घायकुतीला यायचा.

"अहो डॉक्टर, काहीतरी करा की!"

"करतोय ना. बघतोय." आणि दोन पावलं पुढे जाऊन म्हणायचे, "आणि मी डॉक्टर नाही. डॉक्टर गुरुवारी."

जव्हारला गुरांच्या एका लहानशा दवाखान्यात ते ड्रेसर होते, म्हणजे मलमपट्टीचं काम. डॉक्टरांकडे तीन ठिकाणांचा कारभार होता, त्यामुळे आठवड्यातले बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे हेच. रोज सकाळी मोखाड्याहून पहिल्या जीपने यायचे, मागच्या फळीवर बसून, मांडीवर डबा घेऊन. दवाखान्याच्या बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. लोकांच्या दाखल्यांच्या प्रती काढता काढता मला समोरचं नाटक फुकटात दिसायचं, तेही पहिल्या रांगेतून. आणि तुम्ही मला ओळखत असाल तर हेही ओळखाल, की पाहिलेल्या नाटकात दोन प्रवेश पदरचे घातल्याशिवाय मी ते कुणाला सांगत नाही.

एकदा स्कूटरवरून पडून मी विव्हळत त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यांनी मला गायीसारखंच चारी बाजूंनी पाहिलं. मला उठवलं, चालवलं, परत बसवलं.

"शेठ, गुडघा बरा आहे. पँट गेली. शिंप्याकडे जा."

अशा माणसाकडे त्या जानेवारीत धामण आली.

साखरशेतची एक बाई आणि तिचा नवरा जीपमधून उतरले. तिच्या डोक्यावर टोपली, टोपलीवर घट्ट बांधलेलं जुनं लुगडं. नवरा तिच्यापासून चांगला चार हात लांब चालत होता. मला वाटलं, भांडण झालंय. दुकान तसंच टाकून मी पलीकडे गेलो.

लुगडं सोडलं आणि मी दोन पायऱ्या खाली उतरलो. आत पाचेक फुटांची धामण होती. डोक्यामागे चार बोटांवर सूज, आणि तिथून पुढचं डोकं उजवीकडे कललेलं, वाकलेल्या खिळ्यासारखं.

"घरातली हाय, सायेब," बाई म्हणाली. "कणगीपाशी रेहते. चार वर्सं झाली, उंदराला दाणा नाय गेला."

"साप पाळता येत नाही, बाई. कायदा आहे."

"आमी कुठं पाळली? तीच रेहते."

ड्रेसरांचे हात मागे गेले, आणि ते टोपलीभोवती फिरू लागले.

"कशात अडकली?"

"जाळ्यात. मासे धरायचं जाळं कुडाला टांगलेलं, त्यात डोकं घातलं."

"आणि ओढली कोणी?"

लांबून नवऱ्याचा आवाज आला. "मी. शेपूट धरून. सोडवायलाच ओढली, सायेब."

जाळं कापावं लागतं, साप ओढायचा नसतो. पण मासेमारीचं जाळं कापायला कुणाचा हात उठतो? नवं जाळं विणायला अख्खा पावसाळा जातो. त्याने जाळं वाचवलं आणि धामण ताणली. आता पाड्यावर सगळे त्याला सांगत होते, दुखवलेला साप डूख धरतो, आज ना उद्या तुलाच गाठणार, त्यापेक्षा ठेचून टाक. नवरा चार हात लांब का चालत होता ते मला तेव्हा कळलं. बाईने टोपली उचलून सरळ जीप गाठली होती. बरी झाली तर धामण घरी, नाही झाली तर नवरा काठी घेऊन तयार, असा मामला होता.

"डूख मेलेल्या सापाच्या नातेवाइकांनी धरायची, की बऱ्या झालेल्या सापाने?" ड्रेसरांनी विचारलं.

नवरा गोंधळला. "ते... नाय माहीत."

"मग बरी करून बघू. तुमच्याच फायद्याचं आहे."

आता तुम्हीच सांगा, सापाची मान कुठे सुरू होते आणि कुठे संपते? मी हा प्रश्न मोठ्या आवाजात विचारला आणि आपल्याच विनोदावर हसलो. ते हसले नाहीत. "तेच तर बघायचंय, शेठ," म्हणाले. गवताच्या काडीने त्यांनी शेपटीच्या टोकाला हलकेच स्पर्श केला. शेपटी सरकली. धामणीने जीभ बाहेर काढली, आत घेतली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "खालपर्यंत पोचतंय. मणका तुटलेला नसावा. नसावा म्हणतोय, नाही म्हणत नाही."

गुरुवारी डॉक्टर आले. दुखण्यावर थेंबभर औषध टोचून म्हणाले, एक्स-रे नाशिकला. पण घाटातून हादरत नेली तर न मोडलेलंही मोडेल. हलवू नका, ऊब द्या, खायला घालू नका. वनरक्षकाला कळवलं होतंच. त्याने सांगितलं, बरी झाली की मी येतो, माझ्यासमोर सोडा.

ऊब कुठे द्यायची? दवाखान्याची फरशी बर्फासारखी, शिवाय दिवसभर कुत्र्यांचा गोंगाट. ड्रेसरांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणेपर्यंत ते माझ्या दुकानात शिरलेही होते. झेरॉक्स मशीनच्या मागची जागा हात लावून त्यांनी तपासली. "छान गरम आहे." कागदाच्या खोक्याला भोकं पाडली, तळाशी गोणपाट, कोपऱ्यात पाण्याची बशी. अंग पसरता येऊ नये म्हणून खोका मुद्दाम लहान. आणि मला एकच अट. "झाकण फक्त मी उघडणार."

चार दिवस मी पाळली. चार दिवस म्हणजे माझ्या हिशोबाने एक तप.

पाचव्या दिवशी शिरपामाळ पाहायला निघालेली एक मंडळी आधारकार्डाच्या प्रती काढायला दुकानात आली. सहा-सात माणसं, आणि मशीनमागे पाच फुटांचं रहस्य! मी आवाज खाली आणला. साखरशेतच्या कणगीची गोष्ट सुरू केली. डूख आली, चार हात लांबचा नवरा आला, त्यात रागाने लाल झालेले डोळे मी पदरचे घातले. आणि अगदी मोक्याच्या क्षणी, एखादा पडदा सारावा तसं, झाकण उचललं.

बायका किंचाळल्या. धामण उसळली, खोक्याच्या कडेवरून अर्धी बाहेर लोंबकळली, आणि तिचं डोकं मशीनच्या पत्र्यावर आपटलं. मग ती हललीच नाही. जबडा आकाशाकडे. प्रेक्षक प्रती न घेताच पळाले.

मी रस्ता ओलांडून ड्रेसरांना बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही तळहात तिच्या अंगाखाली सरकवले, कणकेची लांब वळी उचलावी तशी ती उचलली आणि गोणपाटावर ठेवली. मग स्टूल ओढून बसले. दुपारी मी शटर अर्धं खाली केलं. ते तसेच बसून. चार वाजता तिने जीभ काढली. पाच वाजता हळूहळू, अंगाचा एकेक वेढा उलगडत, पालथी झाली.

"शेठ," ते उठताना म्हणाले, "गोष्ट सांगा हो. तुम्ही छान सांगता. पण साप समोर नसताना सांगत जा."

आवाज चढला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तो चढला नाही. त्यानंतर खोक्याच्या झाकणावर मी स्वतः दोन रीम कागद ठेवले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागलो की आत टोनर आहे.

तीन आठवड्यांत सूज उतरली. वाक मात्र राहिला. डोकं उजवीकडे सहज वळायचं, डावीकडे न्यायची वेळ आली की ती अडखळायची. बाई दर बाजाराला यायची, झाकणाजवळ उकिडवी बसायची आणि ड्रेसरांना विचारायची, "डावीकडं?" ते म्हणायचे, "अजून नाही." शेवटी त्यांनी उंदराचं एक लहान पिल्लू आत ठेवलं. आम्ही तिघं श्वास रोखून भोकांतून बघत होतो. तिने ते गिळलं. पिल्लू सूज होती तिथपर्यंत गेलं, जरा थांबलं, आणि पुढे सरकलं. बाईने तोंडावर पदर धरला.

वनरक्षक आला. साखरशेतात, भाताच्या खाचराच्या बांधावर खोका आडवा केला. नवरा या वेळी दोन हात लांब होता. चारावरून दोन, ही प्रगतीच. धामण बाहेर आली, उजवीकडे गेली, दगडांत शिरली. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तो बिचारा जरासा हिरमुसल्यासारखा वाटला.

"आता डावीकडं वळंल का?" बाईने विचारलं.

"कुणास ठाऊक. दिसली तर मला सांगा," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. पावसाळा संपता संपता मोखाड्यात, सकाळी अंगणात उभे असताना गेले. मला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. मागच्या फळीवरची त्यांची जागा तो अजून शेवटी भरतो, असं म्हणाला.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराला ती बाई आली. समोर दवाखान्यात गेली, नवा माणूस पाहून थबकली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. उलगडली, तर आत कात, पूर्ण, तोंडापासून शेपटीपर्यंत. डोक्यामागे चार बोटांवर खवले दाटीवाटीने चुण्या पडल्यासारखे.

"कणगीमागं घावली. सायबांना द्या."

मी सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, पदरचं काही घातलं नाही.

मशीन चालू होतं, ते मी बंद केलं. मग तिने ती कात माझ्या काउंटरवर लांब पसरली, चुण्यांवर बोट ठेवलं, आणि त्यांना सांगायचं म्हणून जपून आणलेलं सगळं मला सांगायला लागली. कणगीतच असते. मोठा उंदीर गिळते, वेळ लावते. नवरा आता तिच्यावरून पाय टाकून जातो. जाळं कुडावरून काढून आत टांगलंय.

"आणि डावीकडं वळते," ती म्हणाली. "थांबून वळते. पण वळते."