पथ्याचे बारा दिवस

मांजरालाही डायबेटिस होतो, हे मला ठाऊक नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला चक्क हसू फुटलं. "आमच्या घरात आता एवढंच राहिलं होतं," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत.

आमचं घर म्हणजे आई आणि मी. कांदिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. आई अठ्ठ्याहत्तरची, वीस वर्षं साखरेच्या गोळ्यांवर. मी एकोणपन्नासची, अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरीला. मला अजून साखर नाही, पण आईच्या मते "दम धर, येईल." आणि तिसरी ही बया, आमची मांजर. अकरा वर्षांची, करडी, ढोली, कुणाच्या बापाला भीक न घालणारी. आईशी तिचं दिवसभर भांडण चालायचं आणि दुपारी दोघी एकाच चटईवर पाठीला पाठ लावून झोपायच्या.

महिनाभर ती पाण्याच्या बादलीला तोंड लावून उभी असायची. तिच्या लघवीच्या ट्रेमधली माती दिवसातून दोनदा बदलावी लागे. खाखा खायची आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायचा. आई म्हणाली, "माझंही सुरुवातीला असंच झालं होतं गं." आम्ही दोघी त्यावर हसलो. खरं काय ते ती बोलून गेली होती, आणि आम्ही हसलो.

दवाखान्यात साखर तीनशे ऐंशी निघाली. तरी बाई म्हणाल्या, घाई नको. मांजर घाबरलं की तेवढ्यानेही साखर चढते, एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करायचं नसतं. त्यांनी लघवी तपासली, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते अशी रक्ताची एक तपासणी पाठवली. तीन दिवस थांबायचं होतं. ते थांबणं बरोबर होतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं चूक होतं आणि ते माझं होतं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. "आता शंका नाही," बाई म्हणाल्या. "आज संध्याकाळपासूनच सुरू करूया. बारा-बारा तासांनी एकेक युनिट."

"गोळीवर नाही का भागणार?"

"हिला इन्सुलिनच लागेल. आणि जितक्या लवकर, तितकं चांगलं. लवकर सुरू केलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. उशीर केला की ती संधी जाते. आणि हो, भात, दूध, बिस्किटं बंद. पण पोटभर खाऊ द्या. उपाशी ठेवू नका."

इतकं स्वच्छ सांगितलं होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द घुसला, सुई. मी उठले आणि म्हटलं, "घरी विचारून सांगते." एकोणपन्नास वर्षांची बाई, पगार कमावणारी, घर चालवणारी, आणि घरी विचारून सांगते!

घरी काय उत्तर येणार, हे मला माहीत होतं. आमच्यात साखरेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी पथ्य, मग गोळी, आणि अगदीच वाट लागली तर सुई. माझे बाबा पंधरा वर्षं पाहुण्यांना छाती काढून सांगायचे, "आपल्याला अजून सुई लागलेली नाही." मग त्यांच्या पायाची जखम भरेना, सुई लागली, आणि तीन आठवड्यांत ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात ती दोन वाक्यं जोडूनच बोलली जातात. सुई लागली आणि गेले.

आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "एवढ्याशा जिवाला सुया? काही नको. पंधरा दिवस कडक पथ्य करू. आकडा उतरतो की नाही बघ."

मला तेच ऐकायचं होतं. आईचं नाव पुढे करून मी सुटले.

आमच्या घरात पथ्य म्हणजे पोट मारणं. सकाळी चिकनचे चार तुकडे, दुपारी काही नाही, संध्याकाळी पुन्हा चार. संध्याकाळी सातला वाटी उचलायची ती सकाळपर्यंत खालीच ठेवायची नाही, कारण साखर तपासायची ती उपाशी पोटी. आई वीस वर्षं अशीच तपासते. सकाळी सहाला आई तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची, मी कानाच्या कडेला टोचायची आणि तो थेंब आईच्या मशीनच्या पट्टीला लावायची. आकडा आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतःच्या आकड्याशेजारी लिहायची. तीनशे दहा. दोनशे ऐंशी. दोनशे पंचेचाळीस.

"बघ!" आई म्हणायची. "उतरतेय की नाही? डॉक्टरांना काय, सुई टोचायची घाई."

मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात मैत्रिणीला पेढे देईन म्हटलं. मांजराच्या साखरेसाठी पेढे. काय बोलावं!

बया मात्र दिवसभर ओट्याखाली ओरडायची. तिचं ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. आमच्या पायांत घोटाळायची, वाटी नाकाने ढकलत माझ्यापर्यंत आणायची. एकदा मला राहवेना, मी फ्रिज उघडला. आई म्हणाली, "तिचे लाड करशील तर जिवानिशी जाईल." मी फ्रिज बंद केला. तिच्या डोळ्यांदेखत बंद केला.

दवाखान्यातून दोनदा फोन आला. पहिल्यांदा म्हटलं, घरचे विचार करताहेत. दुसऱ्यांदा उचललाच नाही.

नवव्या दिवशी तिची ओरड थांबली. आई म्हणाली, "सवय झाली हो पथ्याची." दहाव्या दिवशी ती खिडकीवर उडी मारायला गेली आणि अर्ध्यातून खाली पडली. मग बघते तर मागचे पाय पंजांवर टेकतच नव्हते. टाचा जमिनीला घासत, बसल्यासारखी चालत होती.  आई म्हणाली, अशक्तपणा आहे. मीही म्हटलं, अशक्तपणा आहे. आकडा तर उतरत होता ना! आकडा उतरतोय म्हणजे बरं होतंय, यापलीकडे आम्हाला काही शिकवलंच नव्हतं कुणी.

बाराव्या दिवशी सकाळी मी चिकनचे चार तुकडे ठेवले आणि तिने तोंड फिरवलं. मग पिवळं ओकली. मग पुन्हा. मी तिला उचललं तर तिच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येत होता. तिची मान माझ्या कोपरावर लोंबत होती.

मी ऑफिसला फोन केला नाही, चप्पल कुठली घातली ते बघितलं नाही. रिक्षात आई शेजारी, बया टॉवेलात माझ्या मांडीवर. सिग्नलला रिक्षा थांबली आणि आई पुटपुटली, "आता सुई देतील. सुई लागली आणि तुझे बाबा..."

"सुईने नाही गेले बाबा!" मी ओरडले. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "उशिराने गेले, आई. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, आपण तिघं मिळून टाळत होतो. आणि आता मी परत तेच केलं."

 आईने टॉवेलाचं टोक नीट केलं आणि ते धरून बसली.

बाईंनी रक्त घेतलं, पट्टी बघितली, आणि त्यांचा चेहरा बदलला. इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात विष साठायला लागलं होतं. "कधीपासून खाल्लेलं नाही?"

मी काय सांगणार? खाल्लं नाही असं नव्हतंच. दिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, वाटी, उपाशी पोट, कॅलेंडर. आकडे सांगितले, तेव्हाही वेड्यासारखं वाटलं की त्या म्हणतील, अरे वा.

"माणसांचं मशीन मांजराची साखर कमी दाखवतं," त्या म्हणाल्या. "आणि उपाशी मांजराचा आकडा उतरला म्हणून ते बरं होत नसतं. ताई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सलाईन लावून दोन दिवस तिला तिथेच ठेवलं. वाचेल का, यावर बाई फक्त "बघू" म्हणायच्या. मी सुट्टी टाकून बाहेरच्या बाकड्यावर बसायची. मला देवाधर्माचं काही नाही, पण त्या दोन दिवसांत मी ज्याला त्याला विनवलं. माझा अर्धा पगार घे, माझी साखर चढव, पण तिला उठव. आई सकाळी डबा भरून द्यायची आणि तो मी तसाच परत न्यायची. चावायलाच होईना.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मला आत बोलावलं. बया टेबलावर आडवी होती, समोर चिकनची वाटी, आणि ती खात होती. हळूहळू, एका बाजूने, पण खात होती. मागचे पाय तसेच पसरलेले. ते पूर्ववत होतील की नाही, इन्सुलिन पुढे सुटेल की नाही, यातलं काही सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातात सिरिंज दिली. "आजपासून तुम्हीच द्यायचंय. इथेच शिका."

सुई पापणीच्या केसाइतकी होती. त्यांनी दाखवलं तशी मी मानेमागची कातडी चिमटीत धरली.  ती किंचाळेल, चावेल, माझ्याकडे बघेल, म्हणून मी श्वास रोखून दाबलं.

तिने वाटीतून तोंडसुद्धा काढलं नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की."

"एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या.

मी टेबलाची कड धरली आणि लहान पोरीसारखी मोठमोठ्याने रडले. एवढ्यासाठी मी तिला बारा दिवस उपाशी मारलं होतं.