हर्मिनेची पंधरा तारांची गिटार

श्टामर्सडॉर्फच्या द्राक्षमळ्यांत कुठल्याही मद्यगृहात हर्मिने स्लाविकचं नाव काढा, लोक बाकावर सरकून जागा करून देतील. पण ती बेचाळिशीत पहिल्यांदा वाजवायला बसली, तेव्हा हसले होते सगळे.

गिटार तिच्या नवऱ्याची, फर्डलची. दोन माना, पंधरा तारा. दोन व्हायोलिनं, एक बटणांचा अकॉर्डियन आणि फर्डल, अशी ती मद्यगृहांत वाजवणारी चौकडी. एका हिवाळ्यात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

चौकडीतलं मुख्य व्हायोलिन वाजवणारे वानेक भेटायला आले. म्हणाले, "दुसरा माणूस बघावा लागेल, वहिनी."

"मी आहे की."

"तुम्ही? अहो, त्या धुडाच्या वजनानंच वाकाल!"

"वीस वर्षं हॉटेलच्या ओल्या चादरी पिळतेय मी. तुम्ही एक तरी पिळून दाखवा."

फर्डल कोचावरून खो-खो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मग दोघं हट्टाला पेटली. लाँड्रीतून आली, की ती गिटार मांडीवर घ्यायची. खर्जाच्या तारांनी अंगठ्याला फोड आले, फुटले, घट्टे पडले. फर्डल डोळे मिटून ऐकायचा. "घाई नको. व्हायोलिन रेंगाळलं, की तूही थांब. हं, आता सोड!"

मे महिन्यातला रविवार. मद्यगृह उघडं असल्याची खूण म्हणून दारावर पाइनची फांदी टांगलेली, अंगणात चेस्टनटच्या झाडाखाली दुपारपासून गर्दी, समोर नवी वाइन आणि चरबी लावलेला पाव. वानेकांनी वॉल्ट्झ धरला आणि मुद्दाम, अगदी खोडसाळपणे, एक सूर लांबवत नेला. तिथं भलेभले आधीच ठोका देऊन फसत.

हर्मिने थांबली. वानेकांच्या कोपराकडे बघत राहिली. कोपर हलताक्षणी तिचा खर्ज असा पडला, की बाकांवरची कुजबुज बंद झाली.

गाणं संपल्यावर वानेक उठले. सगळ्यांदेखत कमरेत वाकून म्हणाले, "वहिनी, फर्डलपेक्षा तुम्ही बऱ्या. तो मला इतकं ऐकायचा नाही."

"ऐकलं बरं का!" गर्दीत पुढं बसवलेला फर्डल डाव्या हातानं टेबल बडवत ओरडला. "बायको आहे माझी!"

पुढं एकतीस वर्षं ती त्याच बाकावर बसली. वानेक गेले, फर्डल गेला, चौकडीत नवी माणसं आली. संगीतशाळेतले एक प्राध्यापक वही घेऊन आले, "बाई, हे थांबायचं किती मात्रा, ते लिहून द्याल?"

"लिहून?" ती म्हणाली. "बसा इथं. चार उन्हाळे ऐका."

आणि ते खरंच बसले.