मुरमातलं गवत

धाकटे दीर दोन पिशव्या आणि गवताचे सात ठोंब घेऊन माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी पिशव्यांना कपाट दाखवलं आणि ठोंबांना कचऱ्याचा डबा.

"वहिनी, हे टाकायचं नाहीये," ते म्हणाले.

एकतीस वर्षं भाऊजींनी ट्रकच्या वजनकाट्यावर, खोक्याएवढ्या केबिनमध्ये बसून भरल्या आणि रिकाम्या गाड्यांची वजनं लिहिली. हे रानगवत त्या केबिनच्या भिंतीलगत आपसूक उगवायचं. ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात तिथे काँक्रीट पडणार होतं, म्हणून उपटून आणलं. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, कधी कुणाशी भांडले नाहीत. माझ्या मते निव्वळ आळस. पुतणीची वरची खोली बांधून होईपर्यंत माझ्याकडे राहायचं ठरलं होतं. तिच्याकडे जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण तसं बोलून दाखवणंही जिवावरच. आणि मला एकटं राहणं फार आवडत होतं.

मग एका मासिकात वाचलं की बागेत देशी गवत लावणं हे हल्ली रसिकतेचं लक्षण आहे. झालं. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, द्वितीय श्रेणीतली का असेना. चार ठोंब ताब्यात घेतले. शेणखत, दोन वेळा पाणी, वर नावांच्या पाट्या. उरलेले तीन भाऊजींनी कुंपणाजवळच्या मुरमात खोचले आणि पेपर वाचत बसले.

"पाणी कोण घालणार?"

"त्यांना सवय नाही, वहिनी. उगाच लाड कशाला?"

माझं गवत हिरवंगार, लुसलुशीत झालं आणि कमरेत मोडून पायवाटेवर लोळू लागलं. त्यांचं ताठ उभं, वर तांबूस तुरे. शेजारीण माझ्यादेखत कौतुक करून गेली. "त्यांच्याकडची माती चांगली आहे," मी म्हटलं. चक्क मुरमाला माती.

खोली झाली तशी पुतणी टेम्पो घेऊन आली. "काका, गवतही घ्या. गच्चीत कुंड्या आहेत."

"तुरे आलेत," भाऊजी चपलांकडे बघत म्हणाले. "आत्ता हलवलं तर मरेल ते."

पुतणी माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही शिकलाय यातलं. खरंच मरतं?"

मातीच्या गड्ड्यासकट उचललं तर ते गवत टेम्पोत काय, जहाजातही जगलं असतं. मी कुणी न विचारता खरं बोलते, म्हणून निम्मे नातेवाईक माझ्याकडे फिरकत नाहीत. इथे तर चक्क विचारलं होतं. भाऊजींनी मान वर केली नाही.

"मरतं," मी म्हटलं. "मुळं खोल जातात. वर्षभर हात लावायचा नाही."

"मग गवत राहू दे. काका येतील."

"आणि गवताकडे बघणार कोण, मी? तिकडे पायवाटेवर बघ जरा."

पुतणीने माझं लोळणारं गवत पाहिलं आणि भाऊजींच्या पिशव्या टेम्पोतून खाली काढल्या. इतक्या चटकन पटावं तिला? महिनाभर मी तिचा फोन भाऊजींनाच घ्यायला लावला.