आईचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला

आज सकाळी पनवेलच्या लॅबमधून आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आईचा फोन साधा, बटणांचा. म्हणून फॉर्मवर मीच माझा नंबर लिहिला होता. तुम्हीही असंच करत असाल.

डॉक्टरांची वेळ परवाची आहे. तोवर रिपोर्ट उघडायचा नाही असं ठरवलं होतं, पण भाजीवाल्यापुढे उभ्या उभ्या उघडला. कॅन्सर आहे आणि तो दुसरीकडून यकृतात पसरलाय, एवढं मलाही कळलं.

घरी आले तर आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आला का गं रिपोर्ट?"

"नाही अजून."

"आला की आधी मला सांग, दादाला मग. तुझ्या बाबांना आपण कावीळ आहे म्हणून सांगत राहिलो. बिचारे शेवटपर्यंत बिनतेलाचं खात होते, बरे होणार म्हणून. मला तसं फसवू नका."

मी मान डोलावली आणि तिच्यासमोर वाल सोलायला बसले. शेवटची शेंग संपेपर्यंत आम्ही दोघी सोलत राहिलो.

आता ती जेवून झोपलीय. उठली की पुन्हा विचारेल. कुणीही सांगितलं तरी रिपोर्ट तोच राहणार आहे, हे मला कळतं.

तुमच्यापैकी कुणी स्वतःचा असा रिपोर्ट ऐकला असेल, तर मला सांगाल का? तो तुम्हाला कुणाकडून ऐकायचा होता, डॉक्टरांकडून की आपल्या माणसाकडून?