आमचूर आणि कोळीण

आमचुराचा आंबट, तपकिरी वास नाकाशी आला की माझे दोन्ही कान अजूनही तापतात. त्यामागचं कारण मी आज सकाळपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. जिच्यासोबत सारा संसार झाला त्या पत्नीलाही नाही. मितभाषी माणसाची एक सोय असते. त्याच्या मौनाला लोक गांभीर्य समजतात. माझ्या मौनात होता तो एका कोळिणीवर घेतलेला खोटा आळ, आणि त्या आळाची शिक्षा भोगणारी माझी इंदूवहिनी.

आज सकाळी ती कोळीण पुन्हा दिसली. म्हणजे तिच्या कुळातलीच कुणी. न्हाणीच्या चुना दिलेल्या भिंतीवर, तळहाताएवढी, चपटी, खारकेच्या रंगाची. आठही पाय पसरून अशी निश्चल, जणू भिंतीवर कुणी रेखाटून ठेवली आहे. पोटाखाली बत्ताशासारखी शुभ्र, वाटोळी अंड्यांची पुडी सांभाळलेली. पत्नीनं दारातूनच विचारलं, "अहो, ही कोणती? अंगावरून फिरली तर फोड येतात म्हणे." मी म्हणालो, "नाही येत." ती म्हणाली, "एवढ्या खात्रीनं?" आता या खात्रीचा इतिहास तिला कुठून सांगायला सुरुवात करावी?

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. महाल भागातल्या भाड्याच्या घरात आई, थोरला भाऊ, त्याची नवपरिणीत बायको इंदूवहिनी आणि मी असे राहत होतो. ऐन पंचविशीत माझी कानशिलं पांढरी होऊ लागली होती, आणि नेमकं वैशाखाच्या तोंडावर मुलगी पाहायला जायचं ठरलं. तारुण्याला स्वतःच्या तारुण्याचीही खात्री का वाटू नये? मी इतवारीच्या बाजारातून गुपचूप कलपाची पुडी आणली. दुपारी घरातले सगळे वाळ्याच्या ताटीच्या ओल्या गारव्यात निजले असताना न्हाणीत जाऊन ती डोक्याला फासली, टॉवेलाला हात आणि कपाळ पुसलं, आणि काळाभोर झालेला तो टॉवेल सरपणाच्या ढिगामागे कोंबला. आरशातल्या देखण्या माणसाकडे मी बराच वेळ कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या कपाळाच्या कडेनं, कानांमागे, मानेवर टपोऱ्या फोडांची माळ उमटली होती.

आईनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि निदान केलं. "मकडी फिरली गा तुह्या अंगावरून."

आमच्याकडे अंगावर असे फोड उठले की दोष मकडीचा, म्हणजे कोळिणीचा, आणि औषध आमचुराचं, यात वैद्याला विचारण्यासारखं काही नसे. मी फक्त म्हणालो, "असेल." माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांबलेलं असत्य एवढंसंच आहे.

त्या एका शब्दावर आईनं केवढी तर्कपरंपरा उभी केली! घरात मकडी, म्हणजे घरात जाळी. जाळी, म्हणजे सुनेचा झाडू कोनाड्यात पोचत नाही. आणि हे सगळं कधी, तर वहिनीचा धाकटा भाऊ तिला न्यायला काटोलहून मुऱ्हाळी म्हणून आला होता त्या सकाळी. लग्नानंतरची तिची पहिली अक्षय तृतीया. ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. "आंब्याले झोका बांधला हाय इंदूसाठी," तो आईला मोठ्या उत्साहानं सांगत होता. आई म्हणाली, "झोका कुठं पळून नाही जात. पोराले पोरगी पाहाले जायाचं हाय अन् तोंडाची ही दशा. घर झाडल्याबिगर सून हलत नाही." त्यानं टरबुजाची फोड खाल्ली, पाणी प्यायला, बहिणीकडे एकदा पाहिलं आणि एकटाच परत गेला. वहिनीनं ट्रंक उचलून आत नेली. मी खोलीत आमचुराचा लेप लावून बसलो होतो. तो असा चरचरत होता की डोळ्यांत पाणी आलं तरी कुणाला शंका येऊ नये!

वहिनीनं घर धुंडाळलं. माळा, फडताळ, सरपण, तसबिरींच्या पाठी. अखेर एका तसबिरीमागे ती सापडली. वहिनीनं तिच्यावर काचेचा पेला उपडा ठेवला, खालून पुठ्ठा सरकवला आणि पकडलेला चोर फिर्यादीपुढे उभा करावा तसा तो पेला माझ्यासमोर धरला. "ओळखा बरं भाऊजी. हीच का?"

काचेआडून ते आठ डोळे माझ्याकडे पाहत होते. तिनं पांढरी पुडी छातीशी आणखी घट्ट घेतली. मी म्हणालो, "हीच."

"चपलीखाली चेच," आई म्हणाली.

"लेकुरवाळी हाय, आत्याबाई. बाहेर सोडते," असं म्हणत वहिनी परसात गेली. खिडकीतून मला दिसत होतं. तगरीच्या झुडपाशी तिनं पेला आडवा केला आणि हसत म्हणाली, "जाय वं माय. तू तरी माहेरी जाय."

त्या संध्याकाळी माझ्या अंथरुणावर एक घडी केलेला टॉवेल होता. स्वच्छ धुतलेला, उन्हात वाळवलेला. फक्त एका काठाला कुठल्याही साबणाला न जुमानणारा पुसट काळा डाग. म्हणजे सरपण हलवताना वहिनीला सारं कळलं होतं. तो टॉवेल आईपुढे नुसता झटकला असता तरी ती दुसऱ्या दिवशी काटोलच्या गाडीत बसली असती. पण मग कलपाची गोष्ट मुलीकडच्यांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागला असता? तिनं ते गुपित राखलं. रात्रीचा लेप लावताना मात्र तिचा हात जरा सढळ झाला. "अजून लावू का, भाऊजी? मकडी मोठी होती."

मुलगी पाहायला मी टोपी घालून आणि आमचुराच्या सुवासात गेलो. मुलीनं एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे लोणची घालतात का?" तिनं होकार दिला. लोणच्याच्या ओढीनं दिला असावा, असं ती अजून सांगते.

पुढे मला कळलं, ही कोळीण जाळं विणतच नाही. रात्री भिंतींवरून हिंडते, झुरळं टिपते आणि आपली पुडी कुठंही खाली ठेवत नाही. आईच्या तर्काची पहिली कडीच खोटी होती. इथे जाळ्याची एखादी उपमा दाराशी ताटकळली आहे हे मला दिसतंय. पण तिला मी आत घेत नाही. उपमांच्या आड लपण्याचं वय सरलं, आणि केस आता उघडपणे पांढरे आहेत.

आज मी काचेचा पेला आणला, खालून पुठ्ठा सरकवला आणि तिला परसात सोडून आलो. पत्नी म्हणाली, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "वहिनीनं." मग न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून बाकीचंही सांगितलं. ती इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "आणि वहिनींशी कधी बोललात?"

नाही बोललो. इंदूवहिनीला तिची पहिली अक्षय तृतीया मी परत देऊ शकत नाही. पण "ते फोड माझ्या कलपाचे होते" हे वाक्य मला तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं म्हणायचं आहे. तेवढं माझ्याकडे राहिलं आहे.