दाताखालचा दाणा

जगातली कुठलीही गोष्ट दाताखाली धरल्याशिवाय खरी मानायची नाही, असं ठरवूनच जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये धान पारखण्यात या काकांचा जन्म गेला. गाडी दाराशी लागली की हे पोत्यात हात घालणार, एक दाणा दाताखाली धरणार, ‘कट्’ असा आवाज ऐकणार आणि धान किती ओलं आहे, अंगणात वाळवलं की डांबरी सडकेवर, हे सांगून मोकळे होणार. कुणी फारच ‘वा वा’ केलं तर शेतमालकाच्या बायकोचा स्वभावही सांगतील, अशी मला धास्ती वाटे. मिल सुटली, चावणं काही सुटलं नाही. बाजारात वाटाणा चावतील, दुकानात साबुदाणा चावतील. एकदा दवाखान्यात मिळालेली गोळी चावून “जुना माल हाय” म्हणून डॉक्टरलाच परत दिली. पुतण्यासाठी लाखनीला मुलगी पाहायला गेले, तर मुलीकडे पाहिलंच नाही. ताटातलं शीत चावलं आणि म्हणाले, “करून टाका लग्न. या घरचे लोक तांदूळ दोन वर्सं ठेवून खातेत.” तो संसार आजही झकास चालला आहे, हे मला कबूल करावंच लागतं.

माझ्या भुरीशी मात्र त्यांचं हाडवैर होतं. भुरी म्हणजे माझी मांजर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात आम्ही दोघीच. काकांनी अंगणात धान वाळत घातलं की भुरी त्यावर ताणून देई, आणि भिंतीपलीकडून हाक येई, “बाई, तुमची मांजर माह्या धानावर झोपून राहिली!” त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला बहिणीकडे जायचं ठरलं, तेव्हा भुरीला सांभाळाल का, असं त्यांना विचारायची माझी छातीच झाली नाही. नागपुरातच मांजरं सांभाळणाऱ्या एका कुटुंबाकडे तिला आठ दिवस ठेवलं. त्यांनी छान ठेवलं, आणि निघताना तिच्या खाण्याचं उरलेलं पाकीटही पिशवीत घालून दिलं.

घरी आल्यावर मलाच भरून आलं. आठ दिवस परक्या दारात राहिली बिचारी! मी तिला वाटीभर दूध दिलं, वर मच्छी दिली, मागेल तेवढी दिली. सकाळी पाहते तर भुरी पलंगाखाली मलूल पडलेली, आणि जमिनीवर नुसतं पाणी. तासाभरात तिला तीनदा जुलाब झाले. मला वाकायची सक्त मनाई होती. काळा चष्मा लावून मी पलंगाशी उभी होते, आणि माझी मांजर माझ्यापासून दोन हातांवर मरते आहे असं मला वाटत होतं. मी भिंतीपाशी जाऊन काकांना हाक मारली.

“काहून रडून राहिल्या, बाई?” म्हणत ते आले. जमिनीवर पालथे पडले, भुरीला ओढून काढलं, स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलं. फरशी त्यांनीच पुसली. “पयले डॉक्टर,” म्हणाले, “मी धान पारखतो, जनावर नाही.” टोपलीत घालून आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून पाहिली, अंगातलं पाणी कमी झालं आहे म्हणून सलाईन दिलं, औषध दिलं आणि उद्यापर्यंत थांबलं नाही तर लगेच आणा असं बजावलं. खायला काय दिलं होतं, असं त्यांनी विचारलं. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी लाजेनं म्हणाले, “नेहमीचंच.”

घरी येताच काकांनी माझी पिशवी उपसली, ते पाकीट काढलं आणि मी अडवायच्या आत एक दाणा दाताखाली धरला. कट्! काकांनी मांसमच्छी सोडून उमर झाली. समोर कुणी अंड्याचं नाव काढलं तरी ते गुळाचा खडा तोंडात टाकतात. “काका, त्यात मच्छी आहे!” मी ओरडले. ते डोळे मिटून चावतच राहिले.

“मक्का हाय. मच्छीचा भुसा हाय. कोरडा माल, तेल कमी. आठ दिवस तिनं हे खाल्लं. मंग काल तुमी काय देल्लं?”

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. “बाई, नवा तांदूळ घरात आला म्हून पयल्याच दिवशी पोटभर खाते का कोनी? जुन्यात मूठभर मिसळते. पोटाले वळख लागते.” मग नळावर जाऊन त्यांनी इतक्या चुळा भरल्या की मी माफी मागू लागले. तोंड पुसत ते म्हणाले, “जीव वाचला पायजे. तोंड तं धुता येते.” आणि सायकल काढून, माझ्या वतीनं खरं बोलायला ते डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, काका बरोबर आहेत. दूध बंद, आधी तेच कोरडे दाणे थोडे थोडे, मग हळूहळू घरचं. काका सकाळ-संध्याकाळ येऊन स्वतः मिसळून देत. मी बिनमिठाची कोंबडी उकडली की ते नाकाला दुपट्टा लावून पाठमोरे बसत आणि विचारत, “शिजली का नाही?” तिसऱ्या दिवशी भुरी परसात गेली, आणि काकांनी भिंतीवरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, “बाई, माल घट्ट आला!” मी त्यांना हात जोडले. आजही ते भिंतीपलीकडे दिसले की मनातल्या मनात जोडते.

यंदा काकांचे दात गेले. कवळी बसवली, पण तिच्यात ‘कट्’ ऐकू येत नाही म्हणतात. नोकरी सुटल्यावरही आलेल्या गाड्यांतला दाणा चावायला ते मिलच्या फाटकावर उभे राहत, तेही आता बंद झालं. भुरी त्यांच्या धानावर खुशाल झोपते आणि तक्रार येत नाही; मला ती तक्रार हवीशी वाटते. भुरीला त्या दाण्यांची चटक लागली आहे, म्हणून मी थोडे आणतेच. गेल्या आठवड्यात नवं पाकीट फोडलं तेव्हा काका आले. एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“तुमीच पाहा आता. माहे दात गेले.”

मी तो दाणा दाताखाली धरला. मला काय कळणार, कपाळ! पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

“काय हाय?”

“मक्का आहे, काका.”

“अन् माल?”

“माल चांगला आहे.”

काकांनी मान डोलावली, वाटी भुरीपुढे सरकवली आणि म्हणाले, “खाय वं माय. बाईनं चावून पाह्यलं हाय.”